वहीत चहा लिहिणारी फिटर

मंडळी, आज करजणजवळच्या एका कारखान्यात मला कौशल्यावर भाषण द्यायला बोलावलं होतं. सरकारी योजनेच्या खर्चाने सहा महिने काम शिकलेल्या मुलामुलींना दाखले मिळणार होते.

व्हरांड्यातच वाद चालला होता. रोज काय शिकलो ते वहीत लिहायचं असतं. आमच्या गोत्री भागातल्या तन्वीने, आयटीआय झालेल्या फिटरने, खरं लिहिलं होतं: 'आज चहा केला. झेरॉक्स काढल्या. मशीनला हात लावू दिला नाही.'

कारखान्याचे साहेब तिला म्हणाले, "बेन, नवी वही लिहून दे, नाहीतर दाखला नाही."

"मग दाखल्यावरही चहाच लिहा ना, साहेब!"

मी भाषण पर्समध्ये कोंबलं आणि व्यासपीठावर जाऊन माइक तिच्या हाती दिला. तिने वही वाचली. तेव्हा मागून एक मुलगा उठला. "माझ्या वहीत लेथ मशीन चालवलं असं लिहिलंय, पण मीही चहाच केला."

तन्वीला दाखला मिळाला नाही. उद्या आम्ही दोघी तीच वही घेऊन योजनेच्या कार्यालयात जाणार आहोत. तिला दाखला नंतर हवाय, आधी मशीन हवंय.

तुमच्या मुलांच्या वहीत काय लिहिलंय? खरं असेल तर सोबत या. खोटं लिहवून घेतलं असेल, तर आमच्याही आधी पोहोचा.