दुसरीचे दात

घणसोलीजवळच्या एका वृद्ध सेवा केंद्रात मी रेकॉर्ड सांभाळते. फायली पूर्ण आहेत का, सह्या आहेत का, सेवेचा दर्जा कागदावर दिसतो का, हे बघायचं. माणसं वर, त्यांचे कागद खाली माझ्याकडे.

तळवलीच्या एका आजींच्या फाइलमध्ये नर्सने लिहिलं होतं, 'भ्रम. दात आपले नाहीत असे म्हणतात.' दुसऱ्या दिवशी तेच, पुढेही तेच. मग 'जेवण नाकारतात'. मग 'ताट ढकलले'. आणि शेवटी डॉक्टरांनी सुरू केलेली शांत करणारी गोळी. तपासणीला खुशाल पुढे करावी अशी नीटनेटकी फाइल.

मी अडखळले ती 'दात' या शब्दाला. भ्रम झालेलं माणूस चोर शिरलेत म्हणतं, गेलेला नवरा दारात उभा आहे म्हणतं. दात आपले नाहीत असं कोण म्हणतं?

वर गेले. आजी गोळीच्या गुंगीत होत्या. मी विचारलं तशी त्यांनी कवळी काढून माझ्या हातावर ठेवली. "बाय, यं दात माजं नाय. कवापासून सांगते, कोन आयकतच नाय." खालची हिरडी सोलून निघाली होती.

आयाबाई घाबरून म्हणाली, "मॅडम, सगळ्यांचे दात एकाच टबात धुतो. नावाच्या डब्या फुटल्या, कितीदा मागितल्या, आल्याच नाहीत."

आजींची कवळी पलीकडच्या खाटेवर सापडली, अर्धांगवायूने वाचा गेलेल्या बाईंच्या तोंडात. त्यांचंही तोंड आतून लाल झालेलं. त्यांच्या फाइलमध्ये मात्र एक अक्षर नव्हतं. त्या बोलणार कशा?

माझं डोकं फिरलं. तशीच मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये गेले.

"दात बदलून द्या, विषय संपवा," ते म्हणाले. "रिपोर्ट नको. इन्स्पेक्शन तोंडावर आलंय."

"सर, खरं बोलणाऱ्या बाईला आपण भ्रमिष्ट ठरवलं. वर गोळ्या दिल्या."

"आवाज खाली करा."

नाही केला. त्यांच्यासमोर बसूनच रिपोर्ट लिहिला, डॉक्टरांना फोन लावला, गोळी बंद करायला लावली. डॉक्टर म्हणाले, "मला नर्सनी जे सांगितलं त्यावर दिली." नर्स म्हणाली, "आधीच्या ड्युटीने लिहिलं होतं तेच मी लिहिलं." तोंड उघडून बघायचं कुणालाच सुचलं नव्हतं.

संध्याकाळी आजींचा मुलगा आला. मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मनापन बोलली व्हती, दात माजं नाय. मीच म्हनलं, आये, वय झालं तुजं."

हिरड्या भरल्यावर तो आईला घरी घेऊन गेला. निघताना साहेबांनी वाकून हात जोडले. आजींनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला फार बरं वाटलं.

पलीकडच्या बाईंना न्यायला कुणी नाही. रोज सकाळी कॉम्प्युटर सुरू करायच्या आधी मी वर जाते, त्यांना तोंड उघडायला सांगते, बॅटरी मारून बघते. साहेब म्हणतात, हे तुमचं काम नाही.

दुसऱ्या सकाळी मी पुन्हा बॅटरी घेऊन जिना चढते.