चेकिंगच्या अक्का

हैदराबादच्या या शर्टांच्या कारखान्यात मी टिकले ती चेकिंगच्या अक्कांमुळे, हे आधी सांगते. तयार शर्टातल्या चुका शोधणं हे त्यांचं काम. सवय इतकी, की गेटवर भेटल्या तरी आधी माझी बटणं बघतात, मग तोंड.

मी नांदेडची, आठवीतून शाळा सोडलेली. परदेशी ऑर्डरी कमी झाल्या की नव्या मुलींनाच आधी घरी पाठवतात, म्हणून मला कायम धाकधूक. त्यात एकदा दोन ताग्यांच्या निळ्या बाह्या मी एकत्र करून टाकल्या. रंगात फरक अगदी थोडा, पण शर्टाला जोडल्यावर दिसतोच. सुपरवायझर ओरडले, "कल से आना नक्को!" मला रडूच फुटलं.

"रोना नक्को! कपडे पे दाग पडा तो वो भी मेरेकूच ढूंढना," अक्का म्हणाल्या. मग त्यांनी सुपरवायझरच्याच बाहीला लोंबणारा दोरा कात्रीने कापला. "सर, थोडा टाइम देव. पोट्टी कू मैं देख लेती." पोट्टी म्हणजे पोरगी, म्हणजे मी. सर आपली बाही बघतच पुढच्या मशीनकडे गेले.

ट्यूबलाइटखाली रंग फसवतो, म्हणून अक्कांनी मला खिडकीपाशी बसवलं. जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघींनी एकेक बाही तिच्या शर्टाशी लावून पाहिली. सगळ्या जुळल्या! सरांनी गठ्ठे बघितले आणि एवढंच म्हणाले, "कल टाइम पे आना."

एक दिवस सुलतान बाजारातून कापड आणून मी अक्कांना ब्लाउज शिवून देणार आहे. घालण्याआधी त्या तो उलटा करून बघणारच. बघू देत. एकही चूक सापडणार नाही, असा शिवीन.