हसीना सिस्टरची चार वाक्यं

सिस्टर वारल्या तेव्हा मी परगावी होतो; मला कळलं ते दोन देशांच्या सामायिक आरोग्य योजनेच्या कार्यालयातून, आणि तेही त्यांचं माझ्याकडे काम होतं म्हणून. परदेशी पाहुण्यांचा शोकसंदेश आलाय, तेवढा मराठीत करून द्या, म्हणाले. संदेशात ‘अथक सेवा’ होती. अथक! हसीना सिस्टर थकल्या होत्या, आणि त्यांनी ते याच लोकांना तोंडावर सांगितलं होतं...

घोटावड्यापलीकडच्या आमच्या उपकेंद्रात त्या एकट्याच नर्स. भिंतीवर त्यांनी हातानं वाड्यावस्त्यांचा नकाशा काढला होता. गरोदर बाईच्या घरावर हिरवी टिकली, जिवाला धोका असलेल्या बाईच्या घरावर लाल. स्वतःच्या कपाळाला कधी टिकली न लावणारी ही बाई पौडच्या बाजारातून पाकिटंच्या पाकिटं आणायची, म्हणून कासारीण त्यांची थट्टा करायची. इकडचे साहेब तिकडे जाऊन बर्फ बघून आले होते, तिकडचे आता ही भिंत बघायला आले. याला म्हणे सहकार्य. दुभाष्या मी, इंग्रजीचा निवृत्त मास्तर.

भिंतीचे फोटो काढून झाल्यावर एका गोऱ्या बाईंनी विचारलं, उपकेंद्रावरच लाल टिकली का? सिस्टर म्हणाल्या, “ती मी. छातीत कळ येती. पुण्याला तपासायला जायचंय, पन हितं दुसरी सिस्टर न्हाई. रजा कुणाच्या भरवशावर टाकू?”

योजनेच्या साहेबांनी माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं. मी इंग्रजीत सांगितलं, ही उपकेंद्राची जागा आहे. बाईंनी मान डोलावली, साहेबांनी सगळ्यांना जेवायला तळ्याकाठच्या रिसॉर्टवर नेलं. साहेबांची लाज वाटावी तेवढी थोडी, पण त्या दिवशी माझ्याइतका भेकड तिथे कोणी नव्हता.

“मी चार वाक्यं बोलले, मास्तर,” गाडी गेल्यावर सिस्टर म्हणाल्या. “तुमी एकातच उरकलं.” पुढे त्यांनी तो विषय काढला नाही. चहा मात्र नेहमीसारखा दिला.

सहा महिन्यांत त्या उपकेंद्राच्या पायरीवरच गेल्या. योजनेच्या अहवालावर मुखपृष्ठाला तीच भिंत आहे, झकास छापलीय. उपकेंद्रात आता दोन सिस्टर आहेत, कारण पाहुणे परत यायचेत. बाळंतपण पार पडलं की नव्या मुली त्या घरावरची टिकली काढतात. उपकेंद्रावरची तेवढी राहिलीय. परवा त्यांच्यातल्या एकीनं विचारलं, ही कुणाची?

या खेपेला मी चारही वाक्यं सांगितली.