इनायतभाईंचं कलम चार

कतारमधल्या दुखानच्या कंपनी-वसाहतीत स्टोअरकीपर असलेले इनायत परकार म्हणजे कलमांचा माणूस. घरात टीव्हीचा रिमोट कुणी कधी धरायचा, यावरसुद्धा त्यांचं परिपत्रक निघायचं! त्यामुळे गावच्या समेटाचा कायदा लिहायची वेळ आली तशी सगळ्यांनी त्यांच्याकडेच बोट दाखवलं.

रत्नागिरीकडचं त्यांचं गाव बारा वर्षांपूर्वी जेटीच्या जागेवरून फुटलं. बैठकीत हाणामारी झाली, दोन होड्या जळल्या, आणि तेव्हापासून वरच्या मोहल्ल्याच्या लग्नाला खालचा नाही, मयतीलाही नाही. एका जमातीच्या दोन जमाती झाल्या. कतारात कमावणारे दोन्हीकडचे, पण इथंही कोणी कोणाला सलाम करीना. पहिला हात मुनाफने उचलला, असं सारं गाव म्हणे. इनायतभाई वरच्या मोहल्ल्याचे. मुनाफ खालच्या मोहल्ल्याचा, आणि इनायतभाईंच्या सख्ख्या बहिणीचा, रबियाचा नवरा. नवरा-बायको राहतात कतारातच, उम्म सलाल मोहम्मद गावात, दुखानहून गाडीने तासाभरावर. बारा वर्षांत इनायतभाईंनी ती वाट धरली नाही.

शेवटी दोन्हीकडचे वडीलधारे एकदाचे बैठकीला बसले. इनायतभाईंनी सात कलमं लिहिली, दोन्ही जमातींनी सह्या ठोकल्या. कलम तीन असं, की पहिल्या लग्नाचं बोलावणं दुसऱ्या मोहल्ल्याच्या घरी जाऊन तोंडी दिलं, की कायदा लागू. व्हॉट्सअ‍ॅपवरची पत्रिका म्हणजे काही बोलावणं नव्हे. आमच्याकडे उंबऱ्याशी उभं राहून ‘या’ म्हणावं लागतं. आणि कलम चार, झाल्यागेल्याचा विषय कोणीही काढायचा नाही. या कलमाचं सगळ्यांना फार कौतुक. इनायतभाईंना तर जरा जास्तच!

पहिलं लग्न निघालं त्यांच्याच लेकीचं, तसनीमचं. शुक्रवारची नमाज आटोपून ते रबियाच्या दारात उभे राहिले. भावाला बघून तिचा हात तोंडावर गेला. आणि या शहाण्याने काय करावं? “तसनीमच्या निकाहला या,” म्हणत पुढे रजिस्टर धरलं! “इथं सही कर. बोलावणं पोचलं म्हणून. कायदा आजपासून लागू.”

“पोचपावती?” रबियाचा आवाज चढला. “बारा वर्षांनी भाऊ दारात आला, तो सही मागायला? खलास! घेऊन जा तुझा कायदा!”

मागून मुनाफ आला. “असू दे गं. गावाचं भलं होतंय ना,” म्हणत त्याने पेन घेतलं आणि सहीला वाकला. त्याचे केस पार पांढरे झाले होते. इनायतभाईंनी ते पाहिलं. त्यांनी रजिस्टर मागे ओढलं.

“मुनाफ, पहिला हात माझा होता.”

रबिया पुढे आली.

“तुझ्याआधी मी मारलं. गर्दीत कोणाला दिसलं नाही. आळ तुझ्यावर आला आणि मी गप्प बसलो. कलम चार मी त्यासाठीच घातलं. लाज वाटते रे मला.”

मुनाफने पेन खाली ठेवलं. मग म्हणाला, “गावी विहिरीवर बाया माझ्या आईला ऐकवतात, तुझ्या पोराने गाव फोडलं. बारा वर्षं ती तोंड लपवून फिरतेय. मला सांगून काय उपयोग? तिला सांग.” आणि त्याने फोन लावून इनायतभाईंच्या हातात दिला.

“खाला, मी इनायत. परकारांचा.” अडखळत, घाम पुसत त्यांनी सगळं सांगितलं. म्हातारी फोन आपटते की काय!

“अरे, थांब,” ती म्हणाली. “शेजारच्या बायांना हाक मारते. मग पुन्हा सांग. मोठ्याने.”

इनायतभाई फोन कानाशी धरून थांबले. तिकडे चपला वाजत होत्या, बाया जमत होत्या. रबियाने रजिस्टर ओढून सही केली आणि भावापुढे पाण्याचा पेला ठेवला.

“घसा ओला कर आधी,” ती म्हणाली. “त्यांच्यात दोघी बहिऱ्या आहेत.”