येते म्हणजे गेले

एक बाई आत राहिली होती आणि ती माझी नणंद होती. परळच्या त्या हॉलच्या पहिल्या मजल्यावरून काळा धूर येत होता. खाली आवारात बायका ठेवणीतल्या साड्यांत अनवाणी उभ्या राहून खोकत होत्या. माझी सून हातातल्या टॅबवर बोट आपटत होती. सगळ्या नावांवर हिरवी खूण झाली होती, एक नाव तेवढं लाल.

"आई, आत्या आत आहेत," ती म्हणाली, आणि टॅब माझ्या हातात कोंबून जिन्याकडे पळाली.

अग्निशमन दलाच्या जवानाने तिला दंडाला धरून मागे ओढलं. "मॅडम, आमची दोन माणसं आत गेलीत. तुम्ही गेलात तर तुम्हालाही शोधावं लागेल."

"बाथरूम बघा! त्यांचे गुडघे दुखतात, त्यांना पळता येत नाही!"

मी उभीच राहिले. रडू आलं नाही. माझं लग्न झाल्यापासून नणंदेशी कधी पटलेलं नाही, पण ती अशी जावी असं मला कधी वाटलं नव्हतं.

कार्यक्रम आमच्या लालबागच्या चाळीतल्या माहेरवाशिणींचा होता. चाळ पाडून तिथे टॉवर झाला. चाळीत जन्मलेल्या मुली आता आज्या झाल्या आहेत, त्यांना एकत्र आणायचं काम माझ्या सुनेने घेतलं होतं. ती कॉम्प्युटरच्या कंपनीत होती. ती नोकरी सोडून तिने कार्यक्रम करून द्यायचा धंदा काढला आणि त्यासाठी स्वतः एक प्रोग्राम बनवला. पाहुण्याने फोनवर एक शब्द लिहायचा, बाकी सगळं प्रोग्रामने सांभाळायचं. येणार असाल तर 'येते', पोचलात की 'आले', बाहेर पडलात की 'निघाले'. कोण आत, कोण बाहेर, किती पानं वाढायची, सगळं टॅबवर दिसे. आधी तिने आमच्या बिल्डिंगचं हळदीकुंकू केलं, मग शिवडीला एक साखरपुडा. हे पहिलं मोठं काम. मुलगा म्हणायचा, "चांगला पगार सोडून बायका मोजतेय." मलाही तसंच वाटायचं, फक्त मी बोलत नव्हते.

प्रोग्राम तिने आधी माझ्यावर करून बघितला. मी चौथीपर्यंत शिकले. "तुम्हाला जमलं की सगळ्यांना जमेल," ती म्हणाली. हे कौतुक नव्हे हे मला कळलं, पण मला जमलं.

धूर दिसला तेव्हा बायका जेवायला बसायच्या होत्या. स्टेजमागे दिव्यांची वायर तापून पडदा पेटला होता. सुनेने जिन्याच्या प्रत्येक वळणावर एकेक मुलगी आधीच उभी केली होती, त्यामुळे ढकलाढकली झाली नाही. सगळ्या सरळ खाली आल्या. चपला वर राहिल्या, माणसं उतरली. आवारात मुलींनी एकेकीला विचारून टॅबवर खुणा केल्या. उरली ती एकच.

नणंदेचा फोन वाजत होता, पण उचलत कोणी नव्हतं. भाषणांच्या वेळी फोनचे आवाज बंद करा, असं सुनेनेच माइकवरून सांगितलं होतं.

आत गेलेल्यांपैकी एक जवान खोकत बाहेर आला. "बाथरूममध्ये नाही. स्टेजमागे बघायचं राहिलंय," म्हणाला, थोडं पाणी प्यायला आणि पुन्हा वर गेला. सून पायरीवरच बसली. "मी मारलं त्यांना," म्हणाली. मी म्हटलं, "गप्प बस. आधी बाई सापडू दे."

तेवढ्यात माझा फोन वाजला. नणंद.

"वहिनी, तुझ्या सुनेच्या त्या यंत्राला काय खूळ लागलंय काय गो? मी पोचले म्हणून 'आले' लिहिलं, तर मला सांगतंय, स्वागत आहे, सरबत घ्या."

"वन्सं, तुम्ही कुठे आहात?"

"घरी, अँटॉप हिलला. कुठे असणार? त्या माइकने कान फुटले माझे. टॅक्सी केली आणि आले."

"न सांगता?"

"सांगितलं की! निघताना लिहिलं, येते. त्याने उत्तरही दिलं, नक्की या, वाट बघतोय. मी म्हटलं, बरं वळण लावलंय."

मी फोन सुनेच्या कानाला लावला. ती ऐकत राहिली, मग मघाशी तिला अडवणाऱ्या जवानाकडे धावत ओरडली, "बाहेर बोलवा त्यांना! आत कोणी नाही!" त्याने शिट्टी वाजवली. वरचे दोघे खाली येईपर्यंत ती जिन्यापासून हलली नाही. दुसरा उतरला, मास्क काढून शिंकला, तेव्हा ती हसायला लागली. मग मीही.

आमच्या घरात कोणी 'जाते' म्हणत नाही. बाहेर पडताना येते म्हणायचं, हे पोरींना बोलता येऊ लागल्यापासून शिकवतात. मी आयुष्यभर तेच म्हणत आले, सूनही म्हणते. प्रोग्राम तिने लिहिला, मी तपासला, आणि दोघींच्याही डोक्यात हे आलं नाही.

वायर हॉलवाल्यांची की दिवेवाल्याची, यावर ते दोघे पुढे बरेच भांडले. सून धंदा बंद करायला निघाली होती. पण त्याच माहेरवाशिणींपैकी एकीने गिरगावातलं नातवाचं बारसं तिला दिलं. म्हणाली, "एक बाई कमी भरली तर आगीत शिरणारी दुसरी कुठे मिळणार?" मग दादरची कामं आली. आता प्रोग्राममध्ये आत शिरल्यावर लिहिलेला 'येते' म्हणजे गेली, असं धरतात. 'निघाले' काढून टाकलं, ते तसंही कोणी लिहीत नव्हतं. मुलगा रविवारी तिच्या खुर्च्या मोजतो.

नणंद अजून विचारते, "त्या दिवशी माझं जेवण राहिलं, त्याचं काय?"

त्या आगीतून आम्ही सगळ्या बायका वाचलो. आत गेलेले दोन्ही जवान वाचले. सून वाचली. नणंद आत नव्हतीच.