दिव्याची बोट आणि एक हंस

तळ्यात पाणी कमी झालं की गाळ वर येतो. आमच्या दिव्याच्या बोटीचंही तसंच होतं. काम कमी आणि किस्से जास्त. एक सांगायला घ्यावा तर त्याच्याखालून दुसरा निघतो. मी सातवी शिकलेली बाई, पण घाटावरच्या क्वार्टर्समध्ये कुणाकडे पाहुणे आले की हाक मलाच येते, "अक्का, तो हंसाचा किस्सा सांगा." तो सांगते, पण शेवटी. आधी बोट तरी कळू दे.

*

माझं स्थळ आलं तेव्हा मध्यस्थानं वडिलांना सांगितलं, "मुलगा जहाजावर असतो. सरकारी." वडिलांनी निपाणीतल्या ओळखीच्या प्रत्येक दुकानात चहा पिऊन ही बातमी पोचवली. मला पोहता येत नाही म्हणून मी दोन रात्री झोपले नाही.

लग्न करून बेंगळुरात आले तेव्हा घरोघर नुकतं केबल येत होतं. मी रिक्षातून मान बाहेर काढून समुद्र शोधत होते. रिक्षा एका मार्केटच्या मागं थांबली. समोर तळं, तळ्यात जलपर्णी, आणि जलपर्णीत गळ्यापर्यंत बसलेल्या म्हशी.

"जहाज कुठंय?" मी विचारलं.

हे म्हणाले, "त्या तिसऱ्या म्हशीच्या मागं."

*

बोट इंग्रजांच्या काळातली, वाफेवर चालणारी. तळ्याच्या मधोमध एक जुनी दगडी भिंत पाण्याखाली आहे. तेव्हाचे साहेब संध्याकाळी होड्यांच्या शर्यती लावत. कुणी भिंतीवर आपटू नये म्हणून ही बोट दिवस मावळताना तिथं जाऊन नांगर टाकायची आणि डोलकाठीवर लाल दिवा लावायची, रात्री परतायची. ते साहेब गेले, होड्या गेल्या. दिवा बंद करायला मात्र ऑफिसात कुणाला सुचलं नाही. आमचे हे बॉयलर पेटवायचे आणि रुद्रप्पाअण्णा सुकाणू धरायचे.

मी एकदा अण्णांना विचारलं, "तळ्यात दुसरी बोटच नाही, मग दिवा कुणासाठी?"

"आपल्याच बोटीसाठी, वैनी. अंधारात भिंतीवर आपटली तर?"

"पण ती भिंतीकडं जाते कशाला?"

अण्णा माझ्याकडं बघतच राहिले. म्हणाले, "दिवा लावायला."

*

मुलगी झाली, चिमी. तिची छाती जन्मापासून घरघरायची. मल्लेश्वरमचे डॉक्टर म्हणाले, थंड पाणी अंगाला लावायचंच नाही. मग ह्यांनी बॉयलरच्या नळाला बादली लावली. कढत पाणी, तेही फुकट. ते बघून शेजारची बाळंतीण बादली घेऊन आली. तिच्यामागून तिची जाऊ. महिन्याभरात घाटावर बादल्यांची रांग लागायला लागली. पाणी वाटता वाटता वाफ संपायची आणि बोट हलायची नाही.

ऑफिसातून फोन आला, "हल्ली दिवा उशिरा का लागतो?"

अण्णा म्हणाले, "काय करणार सर, बाळंतिणी वाढल्या."

*

माझा स्वभाव काळजीचा. बोट निघाली की चिमीला कडेवर घेऊन मी घाटावर उभी. शेवटी ह्यांना म्हटलं, "मधे पोचलात की एक शिट्टी द्या, म्हणजे मी भाताला लागेन." हे लाजले, पण दिली. रोज द्यायला लागले.

हळूहळू सगळा घाट त्या शिट्टीवर चालायला लागला. किराणावाले शेट्टी तिच्यावर दुकानाची फळी लावायचे. ट्यूशनचे मास्तर तिच्यावर पोरांना सोडायचे. एक दिवस शिट्टीत कचरा अडकला आणि ती वाजलीच नाही. हे परत आले तेव्हा मी दारात रडत होते, शेट्टी उघड्या दुकानात बसून जांभया देत होते आणि मास्तर पोरांना पुढच्या वर्षीचा धडा शिकवत होते.

*

मग ऑफिसात नवे साहेब आले. तरणे, इस्त्रीचे. आल्या आल्या त्यांनी विचारलं, "या दिव्यानं वर्षभरात किती बोटी वाचवल्या?"

अण्णांना खोटं जमत नाही. "शून्य, सर."

"सरी," साहेब म्हणाले, म्हणजे ठीक आहे. आठ दिवस दिवा बंद, बॉयलर बंद. कुणाची तक्रार आली नाही, तर बोट भंगारात. तळ्यावर एका कंत्राटदाराच्या पायडलच्या बोटी येणार, काठावर हॉटेल होणार.

बोट गेली की ह्यांची पोस्ट गेली, पोस्ट गेली की क्वार्टर गेलं. ह्यांची बदली जंगलातल्या एका धरणावर होणार म्हणे. मी विचारलं, "तिथं डॉक्टर आहे का?"

हे हळूच म्हणाले, "आहे. गुरांचा."

त्या रात्री चिमीची छाती जरा जास्तच वाजतेय असं मला वाटलं. सकाळी तिला कडेवर घेऊन मी दारोदार फिरले. तक्रार करा हो, तक्रार करा. शेट्टी म्हणाले, "दिवा मला दुकानातून दिसतच नाही. शिट्टीची करतो." मास्तरांनीही शिट्टीचीच केली. सगळ्यांनीच केली. ऑफिसनं सगळ्या परत पाठवल्या. फाइल दिव्याची आहे, शिट्टीची वेगळी उघडावी लागेल.

*

आठव्या संध्याकाळी साहेब स्वतः आले, कंत्राटदाराला घेऊन. टेम्पोतून त्यांची पहिली पायडलची बोट उतरली. हंसाच्या आकाराची, पांढरीशुभ्र, चोच नारिंगी. साहेबांना म्हणे बघायचं होतं की दिव्याशिवाय तळ्यात काय अडतं. दोघं हंसात बसले आणि पायडल मारत निघाले. उजेड उतरत चालला होता. अण्णा म्हणाले, "सर, मधे भिंत..." साहेबांनी मागं न बघता हात हलवला.

थोड्या वेळानं धाड असा आवाज आला. काठावरून पाहिलं तर हंसाची मान एकीकडं आणि हंस दुसरीकडं. साहेब बुडालेल्या भिंतीवर गुडघाभर पाण्यात उभे, हातात बूट. शेजारी कंत्राटदार, हातात चोच.

"लाइट हाकी!" साहेब ओरडले. दिवा लावा म्हणून.

अण्णांनी तोंडाला हात लावून उत्तर दिलं, "बॉयलर थंड आहे सर! वाफ व्हायला वेळ लागतो. स्वल्प थांबा!"

हे लाकडं घालायला पळाले. वाफ होईपर्यंत घाटावर ही गर्दी. भुईमुगाच्या शेंगावालाही आला. शेवटी बोट निघाली, मधे पोचली, लाल दिवा लागला, आणि ह्यांनी सवयीनं शिट्टी दिली. शेट्टींनी फळी लावली.

साहेबांना आमच्याच क्वार्टरात आणलं. दात वाजत होते. मी म्हटलं, "सर, ओल्या डोक्यानं बसू नका, छातीत बसतं." मला दुसरं काही सुचेना. चिमीची लोकरीची कुंची त्यांच्या डोक्यावर ओढली आणि हनुवटीखाली नाड्या बांधल्या. पाय बॉयलरच्या कढत पाण्यात सोडायला लावले. हातात ओव्याचा चहा दिला. चिमी रांगत त्यांच्यासमोर गेली आणि आपली कुंची ओळखून टक लावून बघत बसली.

मग अण्णा दारातूनच म्हणाले, "सर, वाचवलेल्या बोटींचा तो आकडा... शून्यच ठेवायचा ना?"

साहेबांनी चहा संपवला. कप खाली ठेवला. नाडी सोडायचा प्रयत्न केला, ती सुटली नाही.

"एक करा," ते म्हणाले.