फक्त ॲडमिन बोलू शकतात

मी जुन्या कपड्यांवर भांडी देते. आधी डोक्यावर टोपलं होतं, आता स्वतःची गाडी आहे. नवरा चालवतो, मी भाव करते. भाव करताना माझा आवाज चढतो, हे मंगरूळपीरपासून रिसोडपर्यंतच्या बायांना ठाऊक आहे. मी चढवायचा, समोरचीनंही चढवायचा. त्यात कुणी कुणावर रागावलेलं नसतं. तो धंदा आहे, आणि तो मला कुणी शिकवला नाही.

आसेगावकडच्या एका गावात माझं एक जुनं गिऱ्हाईक आहे. तिच्या संसारातलं पहिलं पातेलं माझ्याकडचं. यंदा दिवाळीआधी तिच्या ओट्यावर असाच भाव चालला होता. तिनं साड्यांचं गाठोडं टाकलं आणि सगळ्यात मोठ्या गंजावर, म्हणजे उभट पातेल्यावर, हात ठेवला.

"या चिंध्यांवर गंज? याच्यानं तं माही गाडीबी पुसली जात नाही."

"चिंध्या काहून म्हणता वो मावशी? बस्त्याच्या साड्या हायेत."

"कोनाच्या बस्त्याच्या, तुह्या आजीच्या?"

ती हसली. तिचं लहान पोरगं पायाशी घुटमळत होतं. त्याच्याकडे बोट करून मी म्हणाले, "मंग हे पोरगं दे. पोरगं टाकतो गाडीत, अन् गंज तुले फुकट."

"न्या ना. संध्याकाळी तुमीच हात जोडत वापस आणान."

हे वाक्य मी किती ओट्यांवर म्हटलंय त्याचा हिशेब नाही. माझ्याआधी हा धंदा करणाऱ्या बायाही म्हणायच्या. पोरगं लाजून पदरात शिरतं, आई हसते, आणि हसलेल्या बाईशी सौदा लवकर पटतो.

समोरच्या गच्चीवरून कुणीतरी मोबाईल धरला होता. त्यात तेवढंच आलं, गाडी, माझं तोंड, माझं बोट, ते पोरगं आणि "पोरगं टाकतो गाडीत". ती दिसत नाही, तिचं हसणं नाही, उत्तर नाही. खाली लिहिलं होतं, पोरं पळवणारी बाई, गाडी ओळखून ठेवा. व्हिडिओ गावाच्या ग्रुपवर पडला आणि तिथून आजूबाजूच्या गावांत गेला.

मला पत्ता नव्हता. पुढच्याच आठवड्यात दुसऱ्या एका गावात गाडी शिरली तर माणसं आडवी आली. चावी काढून घेतली. गाठोडी रस्त्यावर उलटी केली, पोरगं शोधायला. एका बाईनं माझा बुचडा धरून मला खाली ओढलं. जन्मभर ओरडून पोट भरलं, त्या वेळी तोंडातून आवाज निघाला नाही. पोलीस पाटलानं आम्हाला ओढून आपल्या घरात घेतलं म्हणून वाचलो. तेव्हापासून गाडी दारात उभी आहे. नवरा तिच्याकडे बघतही नाही. गावात शिरता येत नसेल तर मी करू काय?

तो व्हिडिओ जिथं जिथं दिसला तिथं मी तक्रारीचं बटण दाबलं. उत्तर आलं, यात नियम मोडलेला नाही. मग मीच व्हिडिओ टाकला. खरं काय ते सांगितलं, आणि हे करणाऱ्याला खानदानासकट शिव्या घातल्या. तो मात्र कंपनीवाल्यांनी लगेच उतरवला. त्यांच्या यंत्राला माझ्या शिव्या कळल्या, माझा जीव जाता जाता राहिला ते कळलं नाही.

शेवटी ठाण्यात गेले. जमादारानं विचारलं, "तुमाले नेमकं काय पायजे?"

"तोंडं बंद पायजेत, साहेब. त्या ग्रुपात कोनी एक शब्द बोलला नाही पायजे."

ग्रुपचा ॲडमिन गावातला रिचार्जच्या दुकानाचा मालक. जमादारानं त्याला फोनवर झापलं. त्यानं ग्रुप बंद केल्यासारखा केला, ॲडमिनशिवाय कुणाला काही टाकता येणार नाही असा. मला वाटलं, जिंकले. पण व्हिडिओ तोवर ज्याच्या त्याच्या फोनात उतरला होता. केनवडच्या बाजारात नुसती भाजी घेत होते, तर एका बाईनं मला ओळखून पोराला कडेवर उचललं.

आता एकच माणूस खरं सांगू शकत होतं. तोंडाला स्कार्फ बांधून मी एसटीनं त्या गिऱ्हाइकाच्या घरी गेले.

"तू होतीस ना तिथं? मंग ग्रुपावर सांग, मस्करी होती म्हनून."

"सासरे हायेत ग्रुपात, भासरे हायेत. बाईमानूस बोलली तं काय म्हनतीन?"

भासरे म्हणजे तिचे थोरले दीर. "गंज नेतानी भासरे नाही आठवले तुले?" मी म्हणाले.

 मी ओरडले, मग विनवलं, मग तिच्यासमोर पदर पसरला. कुणासमोर कधी पसरला नव्हता. बऱ्याच वेळानं ती "बरं" म्हणाली आणि फोन घेऊन बसली. लिहायला जागाच नव्हती. खाली एक ओळ होती, फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतात.

आम्ही दोघी दुकानात गेलो.

"मावशी, तुमीच म्हनलं ना, तोंडं बंद करा," ॲडमिन म्हणाला.

"हिचं उघड. घडीभर."

"उघडलं तं सगळ्याइचंच उघडते. अन् कोनी तुमचाच व्हिडिओ पुन्हा टाकला तं? जमादार मले उचलते."

"मंग तू लिही."

"मी तिथं नव्हतो. कायच्या भरवशावर लिहू?"

"हिले ॲडमिन कर."

तो तिच्याकडे बघून हसला. "करतो ना. भासऱ्याइले इचारून या."

व्हिडिओचं त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. म्हणूनच त्याचं काउंटर फोडावंसं वाटलं.

बाहेर येऊन तीच म्हणाली, "घरोघरी जाऊन सांगतो मी." पहिल्या घरात ती शिरली. मी हातपंपापाशी थांबले. आतलं सगळं ऐकू येत होतं.

"व्हिडिओत तं तू दिसतच नाहीस."

"मीच होती ना वो. माहंच पोरगं हाये ते."

"असशीन. पन ते बाई तं सोताच्या तोंडानं म्हनून राह्यली." मग त्या घरच्या बाईनं फोनवर तो व्हिडिओ लावला, आणि माझाच आवाज मला रस्त्यावर ऐकू आला.

ती बाहेर आली. "बाकीच्या घरी उद्या जाऊ, मावशी."

गिऱ्हाईक उद्या म्हणालं की मी उठत नाही, हा माझा नियम आहे. मी तिच्या ओट्यावर जाऊन बसले. ती आत गेली. थोड्या वेळानं भासऱ्यांची मोटरसायकल दारात येऊन थांबली. ते मला ओलांडून आत गेले. आत काय बोलणं झालं ते कळलं नाही. ती दारात आली, माझ्याकडे न बघता म्हणाली, "निघा आता मावशी. शेवटची एसटी चुकन."

शेवटच्या एसटीला बराच वेळ होता.